मांजराची शुगर, घरचं ग्लुकोमीटर आणि चाळीस-शंभरचा घोळ : थोडी पार्श्वभूमी

ज्यांच्या घरी शुगरवालं मांजर आहे त्यांना सुई कुठे टोचायची, जेवणाचं आणि इन्शुलिनचं टायमिंग कसं सांभाळायचं हे माहीतच असतं, म्हणून ते इथे परत लिहीत नाही. लिहायचंय ते हे, की जळगाव किंवा धुळ्याच्या मेडिकलवर मांजरासाठी इन्शुलिन मागायला गेल्यावर बाटली आणि सिरिंज चाळीस युनिटची की शंभरची असा जो गोंधळ उडतो तो मुळात आला कुठून. कारण तो दुकानदाराचा एकट्याचा दोष नाहीये, त्यामागे शंभर वर्षांची गुंतागुंत आहे, आणि त्यातल्या एकाही निर्णयात मांजराचा विचार कोणी केलेला नव्हता.

१९२१ साली टोरांटोत इन्शुलिन सापडलं, प्रयोग कुत्र्यांवर झाले, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा माणसाला दिलं, आणि पुढची कित्येक दशकं जगभरचं इन्शुलिन कत्तलखान्यातल्या गायी-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं. यात मांजराचं नशीब असं की गायीचं इन्शुलिन आणि मांजराचं इन्शुलिन यात फक्त एका अमिनो ॲसिडचा फरक आहे, डुकराशी तीनचा, माणसाशी चारचा. (कुत्र्याचं आणि डुकराचं तर तंतोतंत सारखं.) म्हणजे त्या काळात माणसांसाठी बनलेलं औषध मांजराला आपोआपच जवळचं होतं. १९३६ ला अंगात हळू उतरणारं प्रोटामाइन झिंक इन्शुलिन आलं, १९४६ ला एनपीएच, मग पन्नाशीच्या सुरुवातीला लेन्टे, हीसुद्धा सावकाश काम करणारी इन्शुलिनंच, सगळं माणसांसाठीच, आणि प्राण्यांचे डॉक्टर त्यातलं जे मिळेल ते वापरत गेले.

१९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं ह्युमन इन्शुलिन बाजारात आलं आणि प्राण्यांपासून काढलेलं हळूहळू बंद पडत गेलं. माणसांसाठी चांगलंच झालं ते. पण अमेरिकेत नव्वदच्या दशकात माणसांचं बीफ-पोर्क प्रोटामाइन झिंक बंद झालं तेव्हा मांजरवाल्यांच्या हातातलं नेहमीचं औषध गेलं, मग खास प्राण्यांसाठी एक आलं तेही काही वर्षांनी बंद झालं, आणि २००९ ला ह्युमन इन्शुलिनपासूनच बनवलेलं नवीन आलं. दर वेळेला मालकांना नवीन औषधावर नव्याने डोस बसवावा लागला. डायबेटिसच्या मांजराला औषध बदलणं म्हणजे किती जागरणं असतात ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

आता मुख्य मुद्दा, युनिटचा. इन्शुलिन मिलिग्रॅममध्ये न मोजता युनिटमध्ये मोजतात कारण सुरुवातीला शुद्ध इन्शुलिन कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे उपाशी ठेवलेल्या सशाची शुगर किती खाली येते त्यावरून ताकद ठरवायचे. एका मिलीत दहा युनिट, वीस युनिट अशा बाटल्या निघाल्या, मग लवकरच चाळीस आणि ऐंशीच्याही आल्या. चाळीसची बाटली आणि ऐंशीच्या मापाची सिरिंज अशा चुका व्हायला लागल्या, म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेने एका मिलीत शंभर युनिट हे एकच माप ठरवलं आणि बरेच देश हळूहळू त्या मागे गेले. भारतात मात्र साध्या इन्शुलिनच्या बाटल्या चाळीसच्याच राहिल्या, आणि ग्लार्जिनसारखी लांब काळ काम करणारी नवीन इन्शुलिनं आली ती शंभरची. तिकडे परदेशात माणसांचं बहुतेक सगळं शंभर झालं पण प्राण्यांसाठी बनवलेलं इन्शुलिन चाळीसवरच थांबलं.

घोळ इथेच आहे. तिकडचं काहीही वाचलं की लिहिलेलं असतं, चाळीसवालं प्राण्यांचं, शंभरवालं माणसांचं. ते वाचून आपला माणूस मेडिकलवर जातो, फ्रिजमध्ये चाळीसची बाटली दिसते, त्याला वाटतं हीच प्राण्यांची. ती असते माणसांचीच, बहुतेक वेळा ३०/७० मिक्स, म्हणजे तीस टक्के पटकन चढणारं आणि सत्तर टक्के एनपीएच, आणि मांजरासाठी ते मिक्स तर अजिबात सोयीचं नाही कारण तो तीस टक्के भाग शुगर एकदम खाली खेचतो, आणि एनपीएच मांजरात बारा तास पुरतच नाही बऱ्याचदा. त्यात ३०, ७०, ४०, १०० हे सगळे आकडे एकाच काउंटरवर एकाच वेळी बोलले जातात. "चाळीसची द्या" म्हटलं तर बाटली की सिरिंज हे परत विचारावं लागतं.

हिशोब करून बघा म्हणजे भीती कळेल. मांजराला डॉक्टरांनी एक युनिट ग्लार्जिन सांगितलंय. शंभरच्या औषधात एक युनिट म्हणजे ०.०१ मिली. मेडिकलवाल्याने दिली चाळीसची सिरिंज, तिच्यावर एकची रेघ म्हणजे ०.०२५ मिली. तुम्ही इमानदारीने एकच्या रेघेपर्यंत भरलं आणि मांजराच्या अंगात गेले अडीच युनिट. सत्तर किलोच्या माणसाला दीड युनिट जास्त गेलं तर बहुतेक वेळा निभावून जातं, चार किलोच्या मांजराला फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. उलटं झालं, चाळीसचं औषध शंभरच्या सिरिंजने, तर जातं फक्त ०.४ युनिट, शुगर चारशेच्या खाली येत नाही आणि सगळे म्हणतात डोस वाढवा. मग डोस वाढवतात, आणि एक दिवस कोणीतरी बरोबर सिरिंज आणतं.

सिरिंजच्या टोपणाचा रंग बघायचा, चाळीसला लाल आणि शंभरला नारंगी, आणि त्याहून भरवशाचं म्हणजे नळीवर छापलेलं वाचायचं, कारण डब्यातून सुट्ट्या काढून दिलेल्या सिरिंजा असतात आणि ट्यूबलाइटखाली लाल-नारंगी सारखेच दिसतात. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. शंभरची एक मिलीची सिरिंज घेतली तर तिच्यावर रेघा दोन-दोन युनिटच्या असतात, एक युनिट तुम्ही नजरेनेच भरणार. मांजरासाठी ०.३ मिलीची, तीस युनिटवाली पाहिजे, त्यातही अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर सोनंच. ती तालुक्याला सहसा ठेवत नाहीत, सांगून मागवावी लागते. पण मागवाच, यात कंजूसपणा करू नका.

खान्देशात हा विषय उशिरा आला याचं कारण साधं आहे. आपल्याकडचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे बैल, म्हैस, शेळी. मांजर असायचं ते धान्याच्या कोठीतल्या उंदरांसाठी, वाटीत दूध-भाकरी मिळाली तर मिळाली. अशा मांजराला डायबेटिस झाला तरी ते खूप पाणी पितं, खाऊनही वाळतं, मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागतं, आणि एक दिवस दिसेनासं होतं, कोण तपासणार? आता जळगाव, भुसावळ, धुळ्यात फ्लॅटमधली मांजरं आहेत, नसबंदी झालेली, दिवसभर ड्राय फूड समोर, वजन सहा-सात किलो. वाढलेलं वय, लठ्ठपणा, नसबंदी झालेला बोका, ही सगळी धोक्याचीच यादी आहे. त्यात खाजेसाठी दिलेलं लांब मुदतीचं स्टिरॉइडचं इंजेक्शन, त्यानेही शुगर उसळते, आणि डॉक्टर बदलले की आधीचं इंजेक्शन कोणतं होतं हे नवीन डॉक्टरला कोणी सांगत नाही. ते जरूर सांगा.

माणसाशी साम्य इथे खूप आहे. मांजराचा डायबेटिस बहुतेक करून आपल्या टाइप टू सारखा, इन्शुलिन बनतं पण अंग दाद देत नाही, आणि स्वादुपिंडात अमायलॉइड, म्हणजे घट्ट झालेल्या प्रथिनाचा थर, साठतं. ते ज्या प्रथिनाचं बनलेलं असतं ते १९८७ मध्ये माणसाच्या आणि मांजराच्या दोघांच्याही नमुन्यांतून ओळखलं गेलं. म्हणून वेळेत शुगर आटोक्यात आणली तर मांजराचं इन्शुलिन सुटूही शकतं, कुत्र्यात हे सहसा होत नाही.

आणि वेळेत आटोक्यात आणायची तर मोजायला पाहिजे. पूर्वी पद्धत अशी की मांजर दिवसभर दवाखान्यात ठेवायचं, दर दोन तासांनी रक्त काढायचं आणि त्या आलेखावरून डोस ठरवायचा. ऐकायला छान आहे. पण मांजर घाबरलं की नुसत्या घाबरण्यानेच त्याची शुगर तीनशेच्या पुढे जाऊ शकते, आणि चोपड्याहून जळगावला पिशवीत घालून एसटीने आणलेलं मांजर घाबरलेलं नसेल तर काय असेल. अशा आकड्यावर डोस वाढवला तर घरी शांत झाल्यावर तोच डोस जास्त होतो. यावर उपाय म्हणून फ्रुक्टोसामीनची टेस्ट आली, ती मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते, पण कोणत्या दिवशी दुपारी शुगर पन्नासला गेली होती हे नाही सांगत. २००० च्या आसपास युरोपातून कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घ्यायची पद्धत छापून आली आणि मालक घरी मोजायला लागले. बऱ्याच डॉक्टरांना ते आवडलं नाही, मालक स्वतःच्या मनाने डोस बदलतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण माझं मत स्पष्ट आहे, सुई देण्याआधी शुगर न बघता इन्शुलिन देणं जास्त धोक्याचं आहे.

कसं करायचं तर कान आधी कोमट ओल्या कापडाने शेकायचा, कडेची बारीक शीर आणि लव यांच्यामधली जागा, मागे कापूस धरायचा म्हणजे आपल्या बोटात नाही घुसत, टच करून टोचलं की एवढासा थेंब येतो, पट्टी थेंबाला लावली की ती आपणच ओढून घेते. लगेच एक उकडलेल्या चिकनचा तुकडा. काही दिवसांत मांजर स्वतः येऊन बसतं जागेवर.

मीटरचं मात्र लक्षात ठेवा. माणसाच्या रक्तात ग्लुकोजचा साधारण ५८ टक्के भाग प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) आणि ४२ टक्के तांबड्या पेशींत असतो, मांजरात ९३ आणि ७. त्यामुळे माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची शुगर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. वापरायला हरकत नाही, पण मीटर एकच ठेवा आणि डॉक्टरांना आकडा सांगताना मीटर कोणतं तेही सांगा, नाहीतर दवाखान्याच्या मशीनचा आकडा आणि तुमचा आकडा यावरून भांडणं होतात.

खरा बदल झाला तो ग्लार्जिनमुळे. अमेरिकेत २००० मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली, त्यानंतर काही वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते मांजरांना दिवसातून दोनदा देऊन पाहिलं, सोबत कमी कार्बोहायड्रेटचं ओलं खाणं. २००९ मध्ये छापून आलेल्या ५५ मांजरांच्या अभ्यासात मालकांनी घरीच मोजून डोस बसवला होता, त्यात ६४ टक्के मांजरांचं इन्शुलिन सुटलं, आणि निदानानंतर सहा महिन्यांच्या आत सुरू केलेल्यांत ८४ टक्के. यावर वाद आहे, अभ्यास छोटा होता, मालक फार तळमळीचे होते, एवढी कडक शुगर ठेवताना हायपोचा, म्हणजे शुगर फार खाली जाण्याचा, धोका असतो वगैरे. पण सहा महिन्यांच्या आत हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे पहिले तीन-चार महिने "बघू, उतरेल" यातच जातात.

आणि आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, लाइट जाते, आणि इन्शुलिन दोन ते आठ डिग्रीत पाहिजे, वापरातलं ग्लार्जिनही तीसच्या वर ठेवायचं नाही. माणसांचं इन्शुलिन माठात ठेवायची सवय खेड्यापाड्यात आहेच, पाणी आत जाणार नाही अशा डबीत घालून तेच मांजराच्या इन्शुलिनच्या काडतुसाला (कार्ट्रिजला) करा, फ्रीजरला मात्र टेकवू नका, गोठलं की गेलं.

गेल्या काही वर्षांत माणसांच्या दंडावर लावायचा शुगर मोजणारा सेन्सर मांजराच्या पाठीवर किंवा मानेवर केस भादरून लावायला लागलेत, फोन धरला की आकडा येतो, माणसात चौदा दिवस चालतो, मांजरात पुष्कळदा आधीच निघतो. नवीन मांजराचा डोस बसवताना हा एक जरी वापरला तरी रात्रीची शुगर दिसते, जी कानाला टोचून कोणी बघत नाही. आणि २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मांजरांसाठी पहिली ग्लिफ्लोझिन (जादा साखर लघवीवाटे बाहेर काढणारी) गोळी मंजूर झाली, २०२३ मध्ये त्याच जातीचं तोंडाने द्यायचं पातळ औषध. सुई नको म्हणून लोक लगेच विचारतात, त्यात आपल्याकडे २०२० नंतर माणसांच्या ग्लिफ्लोझिनच्या गोळ्या स्वस्त झाल्यात, घरात आजोबांची स्ट्रिप असतेच. ती तोडून देऊ नका. या औषधात शुगर नॉर्मल दिसत असतानाच रक्तात कीटोन (चरबी जळून बनणारी आम्लं) वाढून मांजर जाऊ शकतं, आणि मंजूर झालेली ती पहिली गोळी आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांसाठी नाहीच, असं तिच्या लेबलवरच लिहिलेलं आहे.