टाकळ्याला शेंग धरेपर्यंत

गणपती जवळ आले की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गवत कापायचं मशीन फिरतं. तासाभरात मागच्या भिंतीलगतची पट्टी साफ. दोन वर्षांपूर्वी, मशीन यायच्या आदल्या दिवशी, मी तिथल्या टाकळ्याची, म्हणजे आपल्या पावसाळी रानभाजीची, पानं उलटून बघत होते. एका कोवळ्या पानावर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं, पांढरं अंडं होतं. शेजारच्या पानाच्या शिरेवर हिरवी अळी, इतकी पानाच्याच रंगाची की बोट लागेपर्यंत ती दिसलीच नाही. पावसाळ्यात जमिनीलगत पिवळ्या कपट्यांसारखी भिरभिरणारी ‘ग्रास यलो’ फुलपाखरं असतात ना, त्यांची ही पिल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे टाकळा नव्हता आणि अळ्याही नव्हत्या.

मला फार वाईट वाटलं. पण सोसायटीचंही चुकत होतं असं नाही, सापांची भीती खरीच असते.

बहुतेक फुलपाखरांना वेगवेगळ्या फुलांतला मध चालतो. अळी मात्र खाण्याच्या बाबतीत भारी हट्टी. ग्रास यलोला टाकळ्यासारखी मोजकी झाडं लागतात, प्लेन टायगरला रुई, डॅनाइड एगफ्लायला घोळीची भाजी. इव्हिनिंग ब्राउनची अळी तर गवतच खाते. म्हणून घाणेरीचा ताटवा लावला तर फुलपाखरं येतील, मध पितील आणि अंडी घालायला दुसरीकडे निघून जातील. ज्याला आपण ‘रान माजलंय’ म्हणतो, ते त्यांचं बाळंतघर आहे.

मग गवत कापायचंच नाही का? कापायचं, नक्की कापायचं. माझे मामा मुरबाडचे. त्यांच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, माळावरचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. दसऱ्याआधी माळाला विळा लावायचा नाही, असा घरचा दंडक होता. गवत पिकून पिवळं पडलं की कापणी, दोन-तीन दिवस उन्हात वाळवण, मग पेंढ्या बांधून गंजी. माळाला पावसाळ्याचे चार महिने निवांत मिळायचे. तेवढ्यात तेरडा, कुर्डू फुलून बी धरायचे, अळ्यांचे कोष होऊन फुलपाखरं उडून जायची. वाळतं गवत उलटंपालटं करताना बी जागेवरच झडायचं. पुढच्या पावसाची पेरणी अशी आपोआप व्हायची.

गवत उचलून नेण्यालाही अर्थ आहे. ते जागीच कुजलं तर जमिनीचा कस वाढतो, आणि कसदार जमिनीत दोन-चार दांडगी गवतं बाकीच्यांना दाबून टाकतात. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड इथल्या कुरणावर १८५६ पासून हेच तपासलं जातंय. तिथे खत न घातलेल्या तुकड्यांत वनस्पतींच्या तीसहून अधिक जाती टिकल्या आहेत. भरपूर नत्र दिलेल्या तुकड्यांत जेमतेम काही गवतं उरली.

कापणी-चराई पूर्ण थांबवली तर काय होतं, तेही इंग्लंडनेच पाहिलंय. तिथल्या ‘लार्ज ब्लू’ फुलपाखराची अळी काही दिवस थाइम नावाच्या सुवासिक रोपाची फुलं खाऊन जमिनीवर पडते. एका जातीच्या लाल मुंग्या तिला आपलीच पोर समजून वारुळात नेतात आणि ती आत बसून मुंग्यांच्याच अळ्या फस्त करते. या मुंग्यांना ऊन लागून तापलेली जमीन हवी, म्हणजे आखूड गवत हवं. चराई घटली, १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले, गवत काही सेंटिमीटर वाढलं, जमीन गार पडली आणि मुंग्या गेल्या. काही जागांना तर फुलपाखरू वाचवायला म्हणून कुंपण घातलं होतं! १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नाहीसं झालं. हे कोडं उलगडल्यावर स्वीडनमधून अळ्या आणल्या, चराई पुन्हा सुरू केली, तेव्हा ते परत नांदायला लागलं.

आपल्याकडे माळ मोकळा सोडला की रानमोडी आणि घाणेरी शिरतात. आणि उन्हाळ्यात येऊर, खारघरच्या उतारांवर वणवा लागला की गवतात दडलेली अंडी, कोष जळून जातात. विळ्याने कापलेल्या माळाची आणि जाळलेल्या माळाची बरोबरी होऊच शकत नाही.

गेल्या वर्षी मी कमिटीपुढे हे सगळं मांडलं. चालायच्या वाटेलगत आणि मुलं खेळतात तिथे गवत आखूडच ठेवायचं, मागची पट्टी दिवाळीनंतर एकदाच कापायची, तीही चार बोटं ठेवून. दरवर्षी तिचा एक तृतीयांश भाग तसाच सोडायचा आणि तो भाग बदलत राहायचा. खत घालायचं नाही, काडी लावायची नाही. बरीच चर्चा झाली, पण मान्य झालं.

नोव्हेंबरात कापणी झाली तेव्हा टाकळ्याच्या शेंगा वाळून वाकड्या झाल्या होत्या. न कापलेल्या भागात सुकलेल्या पानासारखं एक इव्हिनिंग ब्राउन बसलेलं होतं. पावसाळ्यात याच जातीच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे असतात. गवत वाळलं की नव्या पिढीचे पंखही पाचोळ्याचे होतात. दोन दिवसांनी पेंढ्या उचलायला झाडलोट करणाऱ्या, येऊरच्या पाड्यावरच्या मावशी आल्या. प्रत्येक पेंढी त्यांनी जमिनीवर आपटून झाडली, सांडलेल्या टाकळ्याच्या बिया पायाने पसरल्या आणि म्हणाल्या, “ताई, पहिल्या पावसात भाजी खुडायला मला हाक मारा हां.”