वन-वे की टू-वे? आइस हॉकीतल्या फिरस्त्या खेळाडूचा करार

उत्तर अमेरिकेत १ जुलै उजाडला की करार संपलेल्या आइस हॉकीपटूंच्या नव्या सह्यांच्या बातम्या सुरू होतात. मोठ्या नावांच्या मथळ्यांखाली कुठेतरी एक बारीक ओळ असते: तिशीतला बचावपटू, एक वर्ष, ७ लाख ७५ हजार डॉलर, टू-वे. वाचणारा मनात म्हणतो, टू-वे म्हणजे याला संघ हवा तेव्हा खालच्या लीगमध्ये पाठवणार. वन-वे मिळाला असता तर जागा पक्की होती. हे दोन्ही निष्कर्ष चूक आहेत, आणि वर्षानुवर्षं हॉकी बघणारेही ते बिनधास्त काढतात.

थोडी पार्श्वभूमी. एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या सर्वोच्च लीगमध्ये ३२ क्लब आहेत आणि त्यांच्या खाली एएचएल ही दुसऱ्या पायरीची लीग. एनएचएलच्या प्रत्येक क्लबचा एएचएलमध्ये एक जोडसंघ असतो. वर कोणी जखमी झालं की खालून माणूस मागवायचा, जखमी बरा झाला की त्याला परत धाडायचं. या ये-जा करण्यावरच ज्यांचं करिअर उभं असतं, दर एक-दोन वर्षांनी ज्यांची जर्सी बदलते, ते फिरस्ते खेळाडू. कॉनर मॅकडेव्हिडसारख्या बड्या ताऱ्याला करार वन-वे आहे की टू-वे याने काडीचा फरक पडत नाही. फिरस्त्याचं मात्र वर्षाचं सगळं गणित त्या एका शब्दावर असतं.

तो शब्द फक्त पगाराबद्दल बोलतो. वन-वे करारात एकच आकडा असतो. खेळाडू वर असो की खाली, तेवढेच पैसे मिळणार. टू-वे करारात दोन आकडे असतात, एक एनएचएलमध्ये असतानाचा आणि दुसरा, बराच लहान, एएचएलमध्ये असतानाचा. पगार दिवसांवर मोजला जातो. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर आहे. हंगाम साधारण १९० दिवसांचा धरला तर दिवसाला चार हजारांच्या थोडे वर. आता समजा, त्याच करारात खालचा आकडा एक लाख लिहिला आहे. म्हणजे खाली दिवसाला सव्वापाचशे. वर नुसते पंचवीस दिवस काढले तरी खालच्या अख्ख्या हंगामाइतकी कमाई होते. खालून बोलावल्यावर खेळाडू रात्रीच्या विमानाने का पळतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. हुशार एजंट अशा करारात आणखी एक ओळ घालून घेतो: वर एक दिवसही मिळाला नाही तरी वर्षाला अमुक रक्कम नक्की.

खाली पाठवता येईल की नाही, हे ठरवणारी यंत्रणा वेगळी आहे. तिचं नाव वेव्हर्स. खेळाडूला खाली पाठवण्याआधी क्लबने त्याचं नाव २४ तास बाकी सगळ्या क्लबांपुढे ठेवायचं. त्या वेळात कोणीही त्याला उचलू शकतं, आणि मूळ क्लबला बदल्यात काहीही मिळत नाही. एकाहून जास्त क्लबांनी मागितलं तर गुणतक्त्यात जो तळाला, त्याचा हक्क आधी. कोणीच हात वर केला नाही तर खेळाडू ‘क्लिअर’ झाला, मग त्याला खाली पाठवा.

वेव्हर्समधून सूट कोणाला, हे पहिला करार कितव्या वर्षी केला आणि त्यानंतर किती वर्षं वा सामने झाले यावर ठरतं. अठराव्या वर्षी सही करणाऱ्या स्केटरला (म्हणजे गोलरक्षक सोडून कोणालाही) पाच वर्षं किंवा एनएचएलचे १६० सामने, जे आधी होईल तोपर्यंत सूट. पंचविशीत किंवा त्यानंतर पहिली सही करणाऱ्याला जेमतेम एक वर्ष. करार वन-वे की टू-वे याचा या नियमात उल्लेखही नाही. म्हणून तिशीच्या टू-वे फिरस्त्यालाही वेव्हर्सच्या दारातून जावंच लागतं, आणि वीस वर्षांच्या पोराला कोणालाही न विचारता खाली-वर करता येतं. नवख्यांचे सगळे पहिले करार टू-वेच असतात. मॅकडेव्हिडने २०१५ मध्ये केलेलाही तसाच होता.

या नियमाची एक बारीक कड फिरस्त्याला तोंडपाठ असते. एकदा क्लिअर झालेला खेळाडू पुन्हा वर आला, तर एकूण ३० दिवस किंवा १० सामने होईपर्यंत त्याला नव्याने वेव्हर्सवर न टाकता खाली पाठवता येतं. नववा सामना खेळून झाल्यावर प्रशिक्षकाने केबिनमध्ये बोलावलं तर कारण विचारायची गरज नसते.

वन-वे करार कोणाला वाचवत नाही याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे वेड रेडन. न्यूयॉर्क रेंजर्सने २००८ मध्ये या बचावपटूला सहा वर्षांसाठी ३ कोटी ९० लाख डॉलर दिले, म्हणजे सरासरी वर्षाला ६५ लाख. खेळ घसरला. २०१० मध्ये क्लबने त्याला वेव्हर्सवर टाकलं. त्याला उचलणं म्हणजे तो पूर्ण करार आपल्या गळ्यात घेणं, त्यामुळे कोणी फिरकलं नाही. पुढचे दोन हंगाम तो कनेक्टिकटमधल्या जोडसंघात, पोरवयाच्या सहकाऱ्यांबरोबर बसने फिरत खेळला, आणि पगाराचा डॉलरही कापला गेला नाही. रेंजर्सची अडचण पैशांची नव्हतीच. अडचण होती सॅलरी कॅपची, म्हणजे क्लबच्या एकूण पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेची, आणि त्या काळी खाली गेलेल्या खेळाडूचा पगार कॅपमधून पूर्ण वजा व्हायचा. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०१३ च्या कामगार करारात ही पळवाट अरुंद झाली: आता किमान पगार अधिक ३ लाख ७५ हजार डॉलर एवढीच सूट. म्हणजे २०२५-२६ मध्ये ११ लाख ५० हजारांपर्यंतचा माणूस खाली ठेवला तर कॅपवर शून्य भार. किमान पगारावरचा वन-वे फिरस्ता या रेषेच्या बराच खाली येतो. त्याला खाली पाठवणं क्लबला कॅपच्या हिशोबात फुकट पडतं. खर्च होतो तो फक्त मालकाच्या खिशातून. काटकसरी मालक तिथे दोनदा विचार करतो, श्रीमंत क्लब करत नाही. वन-वेचं संरक्षण म्हणायचं तर एवढंच.

उलट बाजूने ख्रिस कुनिट्झचं उदाहरण बघा. २००५ च्या शरदात अनाहाइमने त्याला वेव्हर्सवर ठेवलं आणि अटलांटाने उचललं. दोनच आठवड्यांत अटलांटानेही त्याला वेव्हर्सवर टाकलं, तेव्हा अनाहाइमने परत घेतलं. पुढे या माणसाने चार स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. वेव्हर्सच्या यादीतलं नाव म्हणजे संपलेला खेळाडू, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ट्रेडचा, म्हणजे क्लबांनी आपसात खेळाडूंची देवघेव करण्याचा, प्रकार आणखी निराळा. इथे करार जसाच्या तसा खेळाडूबरोबर जातो. सरकारी नोकरीत बदली झाली तरी पगारश्रेणी तीच राहते, तसं. या बाबतीत माइक सिलिंजरचा हात कोणी धरत नाही. १९८९ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, डेट्रॉइटने अकराव्या क्रमांकावर निवडलेला हा सेंटर (मधला आघाडीपटू) एनएचएलमध्ये १,०४९ सामने खेळला, १२ वेगवेगळ्या संघांकडून, आणि त्याचा नऊ वेळा ट्रेड झाला. जुलै २००३ मध्ये कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसने त्याच दिवशी फिनिक्सला. डॅलसची जर्सी अंगावर चढलीच नाही. त्याच वर्षी कोलंबसमध्ये जन्मलेल्या त्याच्या मुलाला, कोलला, २०२१ मध्ये कोलंबसनेच बाराव्या क्रमांकावर निवडलं. बारा संघ ऐकून लोक सिलिंजरला खाली-वर होणाऱ्यांच्या रांगेत बसवतात. ते बरोबर नाही. त्याची शहरं बदलत राहिली, पायरी नाही. हजारावर एनएचएल सामने हे भल्याभल्या ताऱ्यांनाही जमत नाही. माझ्या मते तो आणि खालून बोलावण्याची वाट बघणारा टू-वेवाला, हे दोन वेगळे पेशेच आहेत.

ट्रेड आणि खाली रवानगी, या दोन्हींचा तडाखा एकदम बसला तो जॉन स्कॉटला. सात संघ, २८६ सामने, ५ गोल. कामच मुख्यतः मारामारीचं. २०१६ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांनी गंमत म्हणून त्याला मतं दिली आणि तो पॅसिफिक विभागाचा कर्णधार झाला. जानेवारीत ॲरिझोनाने त्याला माँट्रियलला ट्रेड केलं आणि माँट्रियलने लगेच न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्सला, एएचएलमध्ये, पाठवलं. वाळवंटातून थेट अटलांटिकच्या काठावर, तेही पत्नीला जुळं होणार असताना. तरी तो ऑल-स्टार सामन्यासाठी नॅशव्हिलला गेला, दोन गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला.

‘खाली’ म्हणजे किती लांब, हेही नशिबावर. टोरंटोत मेपल लीफ्सचा जोडसंघ मार्लीज त्याच शहरात खेळतो. तिथल्या मराठी मंडळींनी बर्फावरची हॉकी स्वस्तात बघायची तर तोच बघावा. कॅल्गरीचे दोन्ही संघ तर एकाच इमारतीत. एडमंटनच्या खेळाडूला मात्र कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड गाठावं लागतं. बायकोमुलांसाठी घर कुठे भाड्याने घ्यायचं, हा प्रश्न करारातल्या आकड्याइतकाच मोठा होतो.

तिसराही एक कागद आहे, थेट एएचएल क्लबशी केलेला. त्यात वेव्हर्स नाहीत, पण वर बोलावायचं तर आधी एनएचएलचा नवा करार करावा लागतो. वय वाढलेल्या फिरस्त्यापुढे हा कागद, टू-वे आणि स्वित्झर्लंड किंवा जर्मनीतला एखादा क्लब असे पर्याय असतात. त्यामुळे एजंट बहुधा दोन वर्षांचा करार मागतो, पहिलं वर्ष टू-वे आणि दुसरं वन-वे. क्लबला पहिल्या वर्षी पारखायला मिळतं, आणि खेळाडूला दुसऱ्या वर्षी कुठेही पाठवलं तरी घरभाड्याची चिंता राहत नाही.