पश्चिमेची भिंत

कोल्हापुरातली एप्रिलमधली रात्र. अकरा वाजून गेलेले. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही तिघे जण खाटा भिंतीपासून ओढून मधोमध आणलेल्या. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, की ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यासारखं वाटायचं. सूर्य मावळून चार तास होऊन गेलेले, तरी भिंत तापत चाललेली. शेवटी गाद्या खांद्यावर टाकून आम्ही गच्चीवर जायचो. तिथे वारं असायचं आणि पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावी लागायची.

बाहेर चादर लागावी इतका गारवा आणि आत उकाड्यानं जीव हैराण. म्हणजे उकाडा कोल्हापूरचा नव्हता, इमारतीचा होता. पुढे भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यावर त्या भिंतीचं गणित नीट उमजलं. आज कुठल्याही महाविद्यालयाच्या नव्या इमारतीची चर्चा निघाली, की माझा पहिला प्रश्न असतो, पश्चिमेला काय आहे?

आता अशा खोल्यांवर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे एसी. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड किलोवॉट वीज घेतो. आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशातून येते, त्यामुळे प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका एसीमागे तासाला किलोभर. तेवढ्याच विजेत साधे ७५ वॉटचे २० पंखे फिरतात आणि नवे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे ३० वॉटचे बीएलडीसी पंखे तर ५०. शिवाय एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, ती शेजारच्या खिडकीतून दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत शिरते.

पण एसी नको म्हणणं सोपं आहे, त्याची गरजच पडू नये अशी इमारत बांधणं अवघड. त्यासाठी आधी आपल्या गावची हवा ओळखावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेत देशाच्या हवामानाचे पाच विभाग केले आहेत. कोल्हापूर मात्र असं ठिकाण आहे, की जिथे वर्षातून दोनदा विभाग बदलल्यासारखा वाटतो. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३६-३७ अंशांच्या घरात आणि पहाटे २२ च्या आसपास. तेव्हा हवा कोरडी असते आणि दिवस-रात्रीत चौदा-पंधरा अंशांचा फरक पडतो. जूनपासून ढग उतरतात, तापमान खाली येतं, पण भिंतीवर बुरशी चढते आणि दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. मग पुन्हा ऑक्टोबरचा उकाडा. शिवाय जिल्हाही एकसारखा नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण हजार, आणि पूर्वेला शिरोळकडे त्याहूनही कमी. अशा जिल्ह्यात एकच छापील नकाशा सगळीकडे उभा करणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देणं.

भिंत उष्णता लगेच आत सोडत नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीत बाहेरचं ऊन आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचायला ढोबळमानानं सहा-सात तास लागतात. जाड दगडी भिंतीत दहा-बारा तास किंवा अधिक. म्हणून १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्यासारख्या काळ्या दगडाच्या इमारतींत भर दुपारी शिरलं, की अंगावर गारवा येतो. दुपारचं ऊन तेव्हा दगडाच्या पोटातच अडकलेलं असतं.

आता हाच उशीर विद्यापीठाच्या आवारात लावून बघा. पश्चिमेच्या भिंतीवर चार वाजता पडलेलं ऊन रात्री दहा-अकराला आत येणार. ती भिंत वर्गाची असेल, तर काहीच बिघडत नाही. वर्ग तेव्हा रिकामा असतो, आणि रात्रभर खिडक्या उघड्या राहिल्या तर भिंत सकाळपर्यंत निवते. तीच भिंत वसतिगृहाची असेल, तर पोरं नेमकी झोपायच्या वेळी भाजून निघतात. वसतिगृहाला पश्चिमेकडे हलकी, पोकळीची किंवा सावलीतली भिंत हवी, म्हणजे ती लवकर निवेल. भिंत किती जाड असावी, हे आत कोण, किती वाजता बसणार यावर ठरलं पाहिजे. आम्ही राहत होतो ती इमारत ज्यांनी आखली, त्यांनी वर्गाची आणि झोपायच्या खोलीची भिंत एकच धरली होती.

तरी भिंतीपेक्षा खिडकी जास्त घातक. काचेतून ऊन थेट बाकावर येतं, तिथे उशीर वगैरे काही नाही. आणि इथे भूमितीचा खेळ फार सुंदर आहे.

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस इथे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. एप्रिलअखेरीला दुपारच्या सूर्याची उंची ८७ अंश असते, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम चाटून जातं. मार्चच्या विषुवदिनी ही उंची ७३ अंश. त्या दिवशी दक्षिणेच्या पाच फुटी खिडकीवर दुपारी पूर्ण सावली पाडायला दीड फुटाचा सज्जा पुरतो. एवढा सज्जा कुठलाही गवंडी न सांगता काढतो.

आता पश्चिमेला या. एप्रिलअखेरीस दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर असतो. तो सज्ज्याखालून सरळ आत बघतो. त्याच पाच फुटी खिडकीवर सावली पाडायला किती रुंद सज्जा लागेल? हिशेब करा, जवळजवळ आठ फूट येतं. आठ फुटांचा सज्जा कुणी काढत नाही. पण आठ फुटांच्या सावलीला आपल्याकडे जुनं नाव आहे. कोल्हापूरच्या घरांचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी. जिथे आजोबा बसायचे, पाव्हण्याला पाणी दिलं जायचं, पावसाळ्यात कपडे वाळत पडायचे, ती जागा या कोनाचंच उत्तर होती. ज्यांनी सोपे बांधले त्यांनी त्रिकोणमिती मांडली नसेल, पण चार वाजताचं ऊन कुठवर येतं हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की शैक्षणिक इमारत पूर्व-पश्चिम लांब असावी, म्हणजे पश्चिमेला तिची अरुंद बाजू येते. त्या टोकाला जिना, स्वच्छतागृहं, प्रयोगशाळेचं भांडार ठेवावं. तिथे कुणी तास-तास बसत नाही. आणि जागेच्या आकारामुळे इमारत आडवी वळवावीच लागली, तर पश्चिमेला आठ-नऊ फुटांचा व्हरांडा घ्यावा. विद्यार्थ्यांना ये-जा करायला तो लागतोच, त्यामुळे ही जागा वाया गेली असंही होत नाही.

इथे एक पेच आहे आणि तो मला फार आवडतो. कोल्हापुरात उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा येतो तोही पश्चिमेकडूनच, घाटाच्या बाजूनं. पावसाचे सपकारेही नैर्ऋत्य-पश्चिमेचे. ऊन, वारा आणि पाऊस, तिघं एकाच दारानं येतात. दार लावून टाकलं तर वारा गेला, सताड उघडलं तर ऊन आणि पाणी आत. नुसती काच लावणारे आराखडे यात सपशेल हरतात, कारण काच वारा अडवते आणि ऊन आत घेते. नेमकं उलटं. व्हरांडा आणि त्याच्या बाहेरच्या कडेला जाळी किंवा तिरप्या पट्ट्या, ही जोडी मात्र तिघांना वेगवेगळं वागवते. ऊन सरळ रेषेत जातं म्हणून अडतं, पाणी जड म्हणून पट्टीवरून ओघळतं, आणि वारा वळून आत येतो.

वाऱ्याचं एवढं महत्त्व का? बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. ६० जणांचा वर्ग म्हणजे सहा किलोवॉट, पाणी तापवायचे सहा हीटर लावल्यासारखेच. ही उष्णता सगळी घामावाटे जायची तर प्रत्येकाला तासाला १५० मिलिलिटर, म्हणजे मोठा कपभर घाम वाळवावा लागेल. घाम येणं पुरत नाही, वाळणं लागतं. दमट हवेत अंगालगत ओलसर हवेचा थर साचतो आणि घाम तिथेच थबकतो. पंखा तो थर उडवून लावतो. सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा अंगावर असला, की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. तापमापक तोच आकडा दाखवतो, सुटका आपल्या शरीराची होते. ओल्या वाळ्याचा कूलर कोरड्या एप्रिलमध्ये चालतो, पण जूनमध्ये त्याचा उपयोग नाही. तेव्हा पंखाच खरा.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी देशातल्या पाच शहरांत, कार्यालयांत काम करणाऱ्यांना विचारून एक सूत्र काढलं आणि २०१४ मध्ये मांडलं. नैसर्गिक हवेच्या इमारतीत लोकांना बरं वाटणारं तापमान बाहेरच्या अलीकडच्या दिवसांच्या सरासरीनुसार सरकतं. ती सरासरी ३० अंश असेल, तर आतलं सुखाचं तापमान २९ च्या आसपास येतं, आणि त्याच्या वर-खाली दोन-अडीच अंश बहुतेकांना चालतात. आपण मात्र रिमोटवर २२ लावून मुलांना स्वेटर घालायला लावतो. शरीर ऋतूप्रमाणे सवय करून घेतं, ही आपली मोठी ठेव आहे. ती घालवायला वर्षभराचा एसी पुरेसा आहे.

असं बांधून दाखवलेली ठिकाणं आहेत. तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात उभा केला. विटांच्या जाळ्यांच्या भिंती, उताराला धरून बसलेल्या इमारती. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवायची त्यांची पद्धत सुमारे पाव विटा वाचवते, आणि पोकळी उष्णता अडवते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात २०१९ मध्ये सुरू झालेल्या आर्किटेक्चर शाखेच्या इमारतीत एसी आहे, पण तो हवा नेहमीइतकी गार करत नाही. किंचित उबदार, ताजी हवा सोडतो आणि वर छताचे पंखे फिरतात. छतावर बाराशेहून जास्त सौर पॅनेल आहेत आणि छत भिंतींच्या बरंच बाहेर आलेलं आहे. सिंगापूरचं दमटपण कोल्हापूरपेक्षा कितीतरी कडक. तिथे जमतं, तर इथे अडायचं कारण नाही.

एसी टळला, की कार्बनच्या हिशेबात एक गंमत होते. चालवण्याचा खर्च इतका कमी होतो, की बांधतानाचा कार्बनच मोठा वाटेकरी ठरतो, मुख्यतः सिमेंट आणि लोखंडाचा. चुनखडी भाजली, की प्रत्येक १०० किलोतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो चुना उरतो. हे रसायनशास्त्र आहे, भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी ते ४४ किलो जाणारच. म्हणून भाजलेली चुनखडी कमी वापरणं हाच मार्ग. एलसी३ नावाच्या सिमेंटमध्ये क्लिंकर, म्हणजे चुनखडी आणि माती भाजून केलेला सिमेंटचा मुख्य घटक, निम्म्यावर येतो, बाकी जागा भाजलेली केओलिनयुक्त माती, कच्ची चुनखडी आणि थोडं जिप्सम घेतात. माती ७००-८५० अंशांना भाजते, क्लिंकरला १४५० लागतात. त्यामुळे कार्बन सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. आपल्या देशात त्याला २०२३ पासून मानकही आहे, तेव्हा निविदेत त्याचं नाव लिहायला कुणाची हरकत नसावी.

आणि कोल्हापूरकडे स्वतःचं सामानही आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधली चिपाडाची राख सिलिकानं भरलेली असते. नीट जळलेली आणि बारीक दळलेली असेल, तर ती सिमेंटच्या काही भागाची जागा घेते. फाउंड्र्यांतून टाकून दिलेली वाळू तपासून पेव्हर ब्लॉकमध्ये वापरता येते. पश्चिमेला जांभा आहे. चिरा जमिनीतून ओला कापतात, उघड्यावर तो कठीण होतो, भट्टी लागतच नाही. स्लॅबमध्येही बचत आहे. स्लॅब वाकतो तेव्हा खालच्या अंगाला ताण येतो, तो सळई घेते, तिथलं काँक्रीट फारसं कामाला येत नाही. त्या जागी कौलं ठेवून ओतलं तर काँक्रीट वाचतं आणि छतही कमी तापतं.

तरी सगळ्यांत कमी कार्बनची इमारत म्हणजे जी आधीच उभी आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठानं आपल्या साडेआठशे एकरांतले उतार ओळखून तलावांत पावसाचं पाणी धरलं. पाण्याचा उतार वाचता येतो, तसं ऊनही वाचता येतं. उभ्या इमारतींच्या गच्चीवर पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या फरशा, त्यावर उंचावून सौर पॅनेल, म्हणजे वीजही आणि सावलीही. परीक्षा एप्रिलमध्ये असेल तर तिची वेळ सकाळी सातची. सकाळची शाळा आपल्याकडे कधीपासून आहे, तिला कुठलंही यंत्र लागत नाही. आणि एक अगदी छोटी गोष्ट. साडेपाचला शिपाईमामा सगळ्या खिडक्या लावून कुलूप घालतात, त्यांची चूक नाही, चोरीची जबाबदारी त्यांच्यावर असते. पण त्यामुळे दिवसभराची ऊब वर्गात कोंडली जाते आणि बाहेरचा २२ अंशांचा गारवा रात्रभर दारात ताटकळतो. दारावर आणि छतालगत गज आणि मच्छरदाणीची जाळी लावलेले झरोके कायमचे उघडे ठेवले, तर हा गारवा फुकट आत येतो.

त्या वसतिगृहाची भिंत अजून तशीच आहे. मला विचारलं तर मी तिच्यापासून पंधरा फुटांवर करंज लावीन. पळस किंवा सावर नको, ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण असतात. करंज तेव्हा नव्या पालवीनं गच्च भरलेला असतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला त्याला काही वर्षं लागतील. तोवर भिंतीपासून दीड फूट अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या उभ्या करायच्या, म्हणजे ऊन तट्ट्यांवर थांबेल आणि मधून वारा वर जात राहील.