टाकी भरली, की खड्डा पाणी घेईना?

संडासात पाणी वर आलं की आमच्या गल्लीत एकच वाक्य ऐकू येतं, "सेफ्टी टँक भरली, गाडी बोलवा." सेप्टिकचं सेफ्टी कधी झालं कोण जाणे, पण गवंड्यापासून गाडीवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणतात. मीही म्हणायचो. सोलापूरच्या हद्दवाढ भागात घर बांधल्यावर पहिल्या तीन वर्षांत चार वेळा मैला उपसणारी गाडी बोलावली, आणि चारही वेळा पैसे पाण्यात गेले. दुखणं टाकीचं नव्हतंच, तिच्या पलीकडच्या शोषखड्ड्याचं होतं.

दोन्ही जमिनीखाली, दोन्हींवर झाकण, एकाच पाइपाने जोडलेले, घोटाळा होणारच. पण कामं अगदी उलटी. टाकीनं पाणी धरायचं, खड्ड्यानं सोडायचं. टाकीचा तळ काँक्रीटचा, भिंती आतून प्लास्टर केलेल्या. ती गळली तर बिघडली. खड्ड्याला तळच नसतो, विटा सांध्यात सिमेंट न भरता रचलेल्या, भोवती डबर. तो गळेनासा झाला की बिघडला.

गोम अशी की चांगली टाकी कायम भरलेलीच असते. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळापर्यंत पाणी, ही तिची नेहमीची पातळी. इकडून एक बादली आत आली की तिकडून एक बादली खड्ड्यात जाते. जड मैला गाळ होऊन खाली बसतो, तेलकट आणि हलकं ते सायीसारखं वर तरंगतं, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे सरकतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तो गाळ सावकाश खात असतात. त्यामुळे झाकण उघडून "भरली की हो!" म्हणण्यात काही अर्थ नाही.

हिशेबच करा. साध्या घराची टाकी दोन-अडीच हजार लिटरची धरू. पाच माणसांचं संडासाचं पाणी माणशी ३०-४० लिटर धरलं तरी दिवसाला १५० ते २०० लिटर होतं. पूर्ण उपसलेली टाकी दहा ते सतरा दिवसांत आपल्या पातळीला येणारच. मी मात्र पंधराव्या दिवशी गाडीवाल्याला फोन करून भांडलो होतो, की तुम्ही अर्धीच उपसली. तो म्हणाला, "साहेब, टाकीत पाणी नाही तर काय दूध राहणार?" तेव्हा राग आला होता.

मग ओळखायचं कसं? टाकीच्या दुसऱ्या कप्प्याचं झाकण उघडून लांबूनच पातळी बघायची. पाणी बाहेरच्या पाइपाच्या तळाशी आहे आणि तरी संडास तुंबलाय, तर टाकी आणि खड्डा दोघंही निर्दोष; चोकअप संडास आणि टाकीच्या मधल्या पाइपात आहे. बांबूच्या पट्ट्यांनी किंवा प्लंबरच्या स्प्रिंगने काम होतं, गाडी लागत नाही. पाणी पाइपाच्या वर, स्लॅबला टेकायला आलंय, तर ते पुढे जात नाहीये. आता खड्ड्याचं झाकण. खड्डा बराच रिकामा आणि टाकी तुडुंब असेल, तर मधला पाइप तुंबलाय, स्वस्तात सुटलात. खड्डाही तुडुंब, तर खड्डा पाणी घेत नाही. अशा वेळी गाडी बोलावली की दहा-पंधरा दिवस सगळं झकास चालतं, म्हणून तर माणूस फसतो.

वेळेवरूनही बराच अंदाज येतो, आणि इथे सोलापूरची रीत कळायला हवी. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. ज्या दिवशी येतं त्या दिवशी साठलेली धुणी, फरशा, पिंप घासणं, सगळं एकदम. ज्यांनी न्हाणीचं पाणीही टाकीतच सोडलंय त्यांच्या खड्ड्यावर आठवड्याचा भार एका सकाळी पडतो. संडास फक्त नळाच्या दिवशी तुंबत असेल तर संशय खड्ड्यावर घ्या. दुसरी खूण मोसमाची. इथला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि ती जवळजवळ पाणी पिणं सोडते. उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा, त्यामुळे मे महिन्यात हाच खड्डा शहाण्यासारखा वागतो. आमचा दर गणपतीच्या आगेमागे रुसायचा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला गावाकडची मंडळी मुक्कामाला आली की पुन्हा.

खड्डा काळ्या मातीतच संपवला असेल तर तो जन्मतःच अधू. खाली मुरूम लागेपर्यंत जायला हवं. मुरूम पाणी छान जिरवतो. गवंडी सहा फुटांवर थांबतो, कारण पुढे खोदाई कठीण आणि मजुरी वाढते. दुसरं कारण वयाचं. वर्षानुवर्षं मैल्याचं पाणी येऊन खड्ड्याच्या भिंतीवर काळा, बुळबुळीत थर चढतो आणि मातीची छिद्रं बुजवतो. धुण्याच्या पाण्यातले कपड्यांचे धागे आणि भांड्यांचं तेलकट पाणी हा थर लवकर आणतात. मोरीचं पाणी वेगळं काढून केळी-नारळाला द्यावं, हे म्हणूनच.

आता टाकीची बाजू, कारण ती अगदीच निष्पाप नाही. गाळ उपसला नाही तर तो वाढत जातो, पाण्याला निवळायला जागा उरत नाही आणि गाळच वाहून खड्ड्यात जातो. म्हणजे टाकीचा आळस खड्ड्याला मारतो. दोन-तीन वर्षांनी उपसा करावा असं सांगतात. मी काठी घालून बघतो. लांब बांबूच्या खालच्या टोकाला जुना पांढरा पंचा गुंडाळायचा, पहिल्या कप्प्यात तळाला टेकवून दोनदा फिरवायचा, हळूच वर काढायचा. काळ्या भागाची उंची म्हणजे गाळ. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला आला की गाडी बोलवा, आणि अगदी खरवडून काढू नका, थोडा गाळ विरजणासारखा राहू द्या. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांची गरज नाही, जिवाणू रोज फुकट येतात. त्यांना ॲसिड आणि बाटलीबाटली फिनेल पाजलं नाही म्हणजे झालं.

झाकण उघडताना काडी, विडी, लायटर जवळ नको, आत मिथेन असतो. आणि कितीही छोटं काम असलं तरी माणूस आत उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून उतरलेला माणूस परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने असं माणूस उतरवून काम करून घेणं गुन्हाही आहे. "आमचा एक माणूस आहे, पाचशेत करतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच नको म्हणा.

गल्लीत एक गृहस्थ अभिमानाने सांगतात, "पंधरा वर्षं झाली, आमची टाकी एकदाही उपसली नाही." तिला तळ घातलेलाच नसणार. गवंड्याने टाकीच्या नावाखाली शोषखड्डा बांधला आणि मैला न निवळता थेट जमिनीत चाललाय. आपल्याकडे वरच्या मातीखाली काळा पाषाण, त्याच्या चिरांतून पाणी न गाळता लांबवर जातं. भारतीय मानकांप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट दूर हवा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर एका कोपऱ्यात बोअर, दुसऱ्यात खड्डा, शेजाऱ्याचंही तसंच. साठ फूट आणायचे कुठून? अशा वस्तीत बोअरचं पाणी पिऊ नये, वापरायला ठेवावं. टाकी न भरणं हे भाग्य नाही, हे त्या गृहस्थांना पटवायचा मी दोनदा प्रयत्न केला.

आजारी खड्ड्याला गाडीने उपसणं हा तात्पुरता इलाज. काळा थर सुकला तर माती पुन्हा पाणी घेऊ लागते, पण त्यासाठी खड्डा काही महिने मोकळा राहायला हवा, आणि घर तर रोज चालणार. शेवटी आम्ही मुरमापर्यंत दुसरा खड्डा घेतला, मोठ्या झाडापासून लांब आणि गाडी लागते त्या जागेपासूनही लांब. दोन्हींच्या अलीकडे छोटं चेंबर, त्यातून दोन तोंडं. एका तोंडाला ओली माती थापून वीट बसवलेली. दर वर्षी गड्डा संपला, पाहुणे गेले, की मी चेंबरचं झाकण काढतो आणि वीट या तोंडावरून त्या तोंडावर लावतो.