‘लवकर या’ म्हणून फोन ठेवू नका

बाळंतपणासाठी आमची अँब्युलन्स बोलावणारे बहुतेक नातेवाईक पत्ता सांगतात, ‘लवकर या’ म्हणतात आणि फोन ठेवतात. आम्ही परत लावावा तर एंगेज. साऱ्या गोतावळ्याला कळवणं चालू असतं.

‘तुम्ही प्रश्नच फार विचारता’ ही तक्रार नेहमीची. पत्ता कळताच गाडी निघालेली असते. प्रश्न त्यानंतरचे, आणि कुठल्या रुग्णालयात न्यायचं ते त्यांवरच ठरतं. कितवा आठवडा? (‘आठवा महिना’ एवढ्याने भागत नाही.) ३४ पुरे नसतील तर बाळाला श्वासाचा आधार लागू शकतो, म्हणजे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) हवंच. रक्त जातंय का? मग पोटात दुखत नसलं तरी रक्ताची आणि ऑपरेशनची सोय असलेलंच ठिकाण गाठायचं. आधी सिझेरियन झालंय? डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय? तो वाढलेला रक्तदाब असू शकतो, त्यातून झटके येतात. पाणी गेलं असेल तर त्याचा रंगही सांगा. हिरवट म्हणजे बाळाने पोटातच शी केली आहे. चुकीच्या दारात पोचून पुन्हा दुसरीकडे हलवण्यात किती वेळ जातो, ते आम्ही पाहिलंय.

फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे आम्हाला सांगत राहता येतं. बाईला उताणं नको, डाव्या कुशीवर झोपवा. पाणी गेल्यावर नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नका. बाईला गुडघ्या-कोपरांवर ओणवं करा, कंबर वर, डोकं खाली. गाडी पोचण्याआधीच बाळ झालं तर कोरड्या कापडाने नीट पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर पांघरूण घाला. रडत नसेल तर पुसतानाच पाठ चोळा आणि आम्हाला तत्क्षणी सांगा. उलटं टांगून थापट्या मारू नका. घरातल्या कात्रीने नाळ कापायची घाई नको. वार (नाळेचं दुसरं टोक जिला जोडलेलं असतं ती) पडायला अर्धा तासही लागतो, ती ओढू नका. ओढल्याने रक्तस्राव होतो.

सातव्या महिन्यात आमच्याकडे नाव नोंदवून रक्तगट आणि शेवटच्या सोनोग्राफीचे फोटो पाठवून ठेवलेत, तर यातले बरेच प्रश्न उरतच नाहीत. नोंदणीचे पैसे घेत नाही. मूळ फाइल मात्र हाताशी ठेवा. एकदा आमची गाडी दारात उभी होती, फाइल कपाटात, आणि कपाटाची किल्ली कामावर गेलेल्या नवऱ्याच्या खिशात.