बिघडणारा वाचक कोण? अश्लीलतेच्या कायद्याची मराठी पार्श्वभूमी

1934 साली मुंबईच्या कोर्टात रघुनाथ धोंडो कर्वे आरोपी म्हणून उभे होते आणि त्यांचं वकीलपत्र बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी घेतलं होतं. कर्व्यांचा गुन्हा काय, तर त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांनी लैंगिक आयुष्याबद्दल प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी त्यांना सरळ उत्तरं दिली. नवराबायकोचे संबंध, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, अशा घरात कुणाला विचारायची सोय नसलेल्या गोष्टी लोक त्यांना पत्राने विचारत. उत्तर दोनचार ओळींचं असे. त्यात गुदगुल्या नसत आणि उपदेशही नसे.

असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा आक्षेप होता. ती विकृती असेल, तर ज्ञान दिल्याशिवाय ती जाणार कशी, हा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा गाभा. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील ठरवता येणार नाही, हेही त्यांनी मांडलं. कोर्टाला ते पटलं नाही आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्याआधी 1931 साली व्यभिचारावरच्या लेखासाठी शंभर रुपये झालाच होता. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी 1925 सालीच सुटली होती. तरीही जुलै 1927 मध्ये सुरू झालेलं हे मासिक 1953 साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत चाललं.

या खटल्याची मला सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे ज्या वाचकाचं मन बिघडेल म्हणून कोर्ट चिंता करत होतं, त्याच वाचकाने पत्र लिहून तो प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर हवं होतं. तक्रार मात्र सनातनी मंडळींची होती आणि त्यांनी त्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं की हे त्याच्या कानावर पडता कामा नये. अश्लीलतेच्या खटल्यांमध्ये हा न आलेला साक्षीदार पुढेही वारंवार भेटतो.

मुळात ‘अश्लील’ हा शब्द आपल्याकडे गुन्ह्याचा नव्हताच. संस्कृत काव्यशास्त्रात तो काव्यदोष आहे. लाज वाटेल असं, किळस येईल असं आणि अमंगल सुचवेल असं, हे अश्लीलाचे तीन प्रकार. म्हणजे कवीचा शब्द चुकला, रसभंग झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्याला शिक्षा व्हायची ती रसिकाच्या नापसंतीची. पोलीस त्यात आला तो इंग्रजी अमलाखाली.

1860 च्या भारतीय दंडविधानात अश्लील पुस्तकं विकणं हा कलम 292 खाली गुन्हा झाला, पण अश्लील म्हणजे काय हे कलमाने सांगितलंच नाही. ती जागा इंग्लंडमधल्या 1868 च्या हिकलिन खटल्याने भरली. तिथे वाद कुठल्या चावट पुस्तकावरून नव्हता. कॅथलिक पंथात पाद्र्यापुढे पापाची कबुली देतात, त्या प्रथेवर हल्ला चढवणारी ती एक प्रॉटेस्टंट पुस्तिका होती. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घातली ती अशी: ज्यांची मनं अशा प्रभावाला सहज बळी पडतात आणि ज्यांच्या हाती हे लिखाण पडू शकतं, त्यांना ते भ्रष्ट करेल का? म्हणजे मोजमाप घ्यायचं ते समाजातल्या सगळ्यात कच्च्या मनाचं. लेखकाचा हेतू विचारायचा नाही, पुस्तक अख्खं वाचायची गरज नाही, दोन परिच्छेद पुरेत. कर्वे या फुटपट्टीपुढे टिकणार नव्हते.

स्वातंत्र्य मिळालं, संविधान आलं. कलम 19 ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलं आणि सभ्यता व नीतिमत्ता यांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभाही ठेवली. फुटपट्टी जुनीच राहिली. 1954 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींच्या दोन चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला, तेव्हा पदमसी सुटले. पुस्तकविक्रेते रणजित उदेशी मात्र सुटले नाहीत. डिसेंबर 1959 मध्ये त्यांच्या मुंबईतल्या हॅपी बुक स्टॉलवर पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवलं. त्याने डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकत घेतली आणि त्यावर खटला उभा राहिला. कादंबरीकार मुल्कराज आनंद यांनी पुस्तकाच्या वाङ्मयीन मोलाबद्दल साक्ष दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1964 मध्ये तिथेही हिकलिनची कसोटी कायम राहिली. दंड अवघा वीस रुपये. पण त्या वीस रुपयांनी एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी भीती स्वतंत्र भारताचा कायदा बनली.

कडी ढिली झाली ती एका दिवाळी अंकामुळे. 1962 च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर पुण्यातून तक्रार झाली. आपल्याकडे काकोडकरांच्या कादंबऱ्या वाचनालयातून ब्राउन पेपरचं कव्हर घालून घरी येत. समीक्षकांनी त्यांना कधी जवळ केलं नाही. म्हणूनच हा निकाल मला मोलाचा वाटतो, कारण थोर साहित्यिकाच्या बाजूने उभं राहणं तुलनेने सोपं असतं. उच्च न्यायालयात दोषी ठरलेल्या काकोडकरांना 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. लिखाण अपरिपक्व असेल, पण ते मन भ्रष्ट करणारं नाही, असा त्या निकालाचा आशय होता. समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत. प्रेमाचा, शरीराचा उल्लेखच वर्ज्य केला तर तरुणांना केवळ धार्मिक ग्रंथ वाचावे लागतील, असंही न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षी संसदेने कलम 292 बदललं. शिक्षा वाढवली, पण विज्ञान, साहित्य, कला आणि विद्या यांच्या हितासाठी असलेल्या लिखाणाला अपवादही दिला.

नाटकाची गोष्ट आणखी अवघड. पुस्तक छापून झाल्यावर खटला होतो. नाटकाला आधी संहिता दाखवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. 1972 मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ त्यातच अडकलं. टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा सखाराम निळू फुल्यांनी उभा केला आणि त्या बायकांपैकीच एक, लालन सारंग यांची चंपा, रंगमंचावर दारू पिऊन बोलू लागली. हे प्रमाणपत्र देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने एवढी कापाकापी सुचवली की नाटक उरलंच नसतं. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि बंदी उठली. चंपा शिव्या देते हे अनेकांना खुपलं. तिला त्या का द्याव्या लागतात, यावर बोलणारे थोडे होते.

हिकलिनला सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली निरोप दिला. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची कृष्णवर्णीय वाग्दत्त वधू यांच्या नग्न छायाचित्रावरून तो खटला होता. वर्णद्वेषाविरुद्धचा त्या छायाचित्राचा संदेश न्यायालयाने मान्य केला आणि समकालीन समाजाची मापं, संपूर्ण कृतीचा विचार, ही कसोटी स्वीकारली. वाटलं, आता रस्ता मोकळा झाला.

सव्वा वर्षातच वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचा निकाल आला. 1994 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत वाटपाच्या अंकात ती छापली गेली आणि पतित पावन संघटना या हिंदुत्ववादी संघटनेने तक्रार केली. गांधीजींच्या नावाची देशात किती परवड झाली, हा त्या कवितेचा संताप, आणि भाषा त्या संतापाला साजेशी शिवराळ. मे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घालताना समकालीन मापाची कसोटी अधिक कडकपणे लावली पाहिजे. प्रकाशक आणि मुद्रकाने आधीच माफी मागितली होती, ते सुटले. कवीवरचा आरोप राहिला. कविता त्या अंकात छापून तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. ‘आदरणीय व्यक्ती’ हा निकष कलम 292 मध्ये कुठेही नाही. मला ही वाट धोक्याची वाटते, कारण शरीराबद्दलची लाज आणि थोर माणसाबद्दलचा आदर या दोन वेगळ्या गोष्टी तिने एकाच दावणीला बांधल्या.

1 जुलै 2024 पासून कलम 292 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 ने घेतली आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूर स्पष्टपणे आला आणि पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड दोन हजारांवरून पाच हजार रुपये झाला. साहित्य आणि कलेचा अपवाद टिकला आहे. आणि जे ते वाचण्याचा, पाहण्याचा किंवा ऐकण्याचा संभव आहे अशा व्यक्तींना भ्रष्ट करण्याकडे कल, ही कॉकबर्न यांच्या वळणाची शब्दरचनाही तिथे जशीच्या तशी आहे.