‘साम्य’ म्हणजे चोरी नव्हे

परीक्षेच्या हंगामात हा मेसेज हमखास फिरतो: ‘कॉलेजचं सॉफ्टवेअर जितके टक्के साम्य दाखवतं, तितका प्रोजेक्ट चोरीचा, शून्य आलं तरच अस्सल.’ ठाण्यातल्या कितीतरी मुलामुलींची झोप यानं उडते. मेसेज खरा वाटणं साहजिक आहे, कारण आकडा ठळकपणे समोर येतो.

पण सॉफ्टवेअर चोरी ओळखत नाही. ते फक्त शब्दांच्या ओळी आधीच्या मजकुराशी ताडून पाहतं. ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे धावली’ हे वाक्य कुणीही लिहिलं तरी सॉफ्टवेअर ते जुळलेलं म्हणून रंगवणारच. संदर्भसूची, अवतरणं, कायद्याची कलमं यांचंही तेच. म्हणूनच संशोधनातल्या वाङ्मयचौर्याबाबतचे २०१८ चे देशपातळीवरचे नियम श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची मोजणीतून वगळतात, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही.

उलटही खरं आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून, श्रेय न देता मांडली तर आकडा शून्यही येऊ शकतो. उचलेगिरी मात्र तशीच राहील.

पडताळायचं असेल तर सॉफ्टवेअरचा पूर्ण अहवाल मागा. आधी संदर्भसूची आणि अवतरणं वगळून आकडा पुन्हा काढायला सांगा. मग रंगलेला एकेक तुकडा बघा: तिथे स्रोत दिला आहे का? सलग परिच्छेद रंगला असेल आणि स्रोत नसेल, तर तो स्वतःच्या शब्दांत लिहा, स्रोतासकट. अंतिम निर्णय अहवाल वाचणाऱ्या शिक्षकांचा असतो, आकड्याचा नाही.